चौथ्या शतकातलं छोटं रोमन नाणं कसं ओळखावं

रोमन नाणं म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर संग्रहालयातलं सोन्याचं नाणं येतं. पण साधारण इ.स. ३०० ते ४५० या काळात साम्राज्यातल्या बाजारांत, छावण्यांत आणि बंदरांवर रोज हाताळली जायची ती कांशाची छोटी नाणी. अंगठ्याच्या नखाएवढी, काही तर करंगळीच्या. ती अमाप पाडली गेली, अमाप हरवली आणि मडक्यांत भरून पुरलीही गेली. त्यामुळे ती आजही मिळतात आणि साध्या पगारदार माणसाला परवडतात.

या नाण्यांची मला वाटणारी खरी गोडी अशी, की निम्मी अक्षरं झिजून गेली तरी नाणं कोणत्या चार-पाच वर्षांतलं आणि कोणत्या शहराच्या टांकसाळीतलं हे बऱ्याचदा सांगता येतं. त्यासाठी क्रम मात्र पाळावा लागतो. नवखा माणूस सहसा राजाचं नाव आधी वाचायला जातो आणि तिथेच अडकतो, कारण या नाण्यांवर सगळ्यात फसवं असतं ते नावच. म्हणून सुरुवात मागच्या बाजूच्या चित्रापासून करायची, मग आकार आणि वजन, मग टांकसाळीची खूण आणि सगळ्यात शेवटी नाव. लेखाचा पुढचा भाग याच क्रमाने जातो. त्याआधी नाणं कुठून घ्यायचं आणि हातात आल्यावर त्याला काय करायचं नाही, एवढं बघू.

नाणं कुठून घ्यायचं

पहिलं नाणं ओळख पटलेलं, बिलासह, जाणत्या विक्रेत्याकडून घ्या. मातीने माखलेल्या नाण्यांची पिशवी किलोच्या भावात मिळते आणि तिचा मोह सगळ्यांना होतो, पण सुरुवात तिने करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. एक तर त्यातली चांगली नाणी आधीच वेचून घेतलेली असतात. दुसरं आणि जास्त महत्त्वाचं, अशा पिशव्यांतला बराच माल बाल्कन देशांतून मेटल डिटेक्टर लावून बेकायदा उकरलेला असतो. नाणं ज्या थरात, ज्या मडक्यात होतं ती माहिती त्यात कायमची जाते. तेव्हा विक्रेत्याला सरळ विचारा: हे कुठून आलं, आधी कुणाच्या संग्रहात होतं, कागद आहे का? उत्तर टाळलं तर ते नाणं सोडून द्या.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या वाचकांना एक सोय आहे. तिथे इंग्लंड-वेल्समध्ये सापडलेल्या वस्तूंची नोंद करणारी पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम १९९७ पासून चालू आहे आणि तिच्या नोंदींत चौथ्या शतकातली कांस्य नाणी ढिगांनी आहेत. नोंद झालेलं, कायदेशीर सुटलेलं नाणं घेतलं की ते कोणत्या गावाच्या शिवारात सापडलं हेही कळतं. तिथल्या १९९६ च्या ट्रेझर ॲक्टनुसार तीनशे वर्षांहून जुनी, साध्या धातूची दहा किंवा अधिक नाणी एकाच ठिकाणी सापडली तर तो खजिना ठरतो आणि कळवावा लागतो. अमेरिकेत असाल तर इटली, ग्रीस, सायप्रस, बल्गेरिया इथल्या काही प्रकारच्या प्राचीन नाण्यांच्या आयातीवर निर्बंध आहेत हे लक्षात ठेवा.

भारतात दोन कायदे माहीत हवेत. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. आणि जमिनीत सापडलेल्या धनाला १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट लागू होतो, त्यामुळे असं काही सापडलं तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. हे सांगायचं कारण, ही छोटी रोमन नाणी आपल्या उपखंडातही सापडतात. तमिळनाडूत करूरजवळ अमरावती नदीच्या पात्रात आणि मदुराईच्या परिसरात, तसंच श्रीलंकेत ती मोठ्या संख्येने मिळाली आहेत. ती इतकी झिजलेली असतात की इथेही बराच काळ हातोहात फिरली असावीत. श्रीलंकेत तर त्यांच्या स्थानिक नकलाही पाडल्या गेल्या. महाराष्ट्रातल्या तेर किंवा कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीचा रोमशी आलेला संबंध मुख्यतः त्याआधीच्या, सातवाहनांच्या काळातला आहे.

साधनं

मिलिमीटर दाखवणारा व्हर्नियर कॅलिपर (प्लास्टिकचा घ्या, पोलादी टोकांनी कड खरचटते), ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा डिजिटल काटा, दहा पट मोठं दाखवणारं भिंग आणि मान वळवता येईल असा टेबललॅम्प. एवढं पुरतं.

लॅम्प वरून मारू नका. तो टेबलाच्या पातळीला आणून प्रकाश नाण्यावर तिरका पडू द्या आणि नाणं हळूहळू गोल फिरवा. सपाट दिसणाऱ्या जागी अक्षरांच्या सावल्या उठतात. एका दिशेने न दिसलेलं अक्षर चौथ्या दिशेने स्वच्छ दिसतं. तरीही नाही दिसलं तर नाण्यावर डिस्टिल्ड वॉटरचा एक थेंब पसरवा. ओल्या थरावर उंचसखल भागातला रंगाचा फरक वाढतो.

घासायचं नाही

आपल्याकडे देवाची तांब्या-पितळेची भांडी चिंचेने, लिंबाने किंवा पितांबरीने लखलखीत करायची सवय घराघरांत आहे. नाण्याला यातलं काहीही लावू नका. व्हिनेगर, ब्रासो आणि तारेचा ब्रशही नको. सोळाशे-सतराशे वर्षांत धातूच्या पृष्ठभागाचं हिरव्या, तपकिरी किंवा काळ्या थरात रूपांतर झालेलं असतं. राजाचं नाक, सैनिकाचा भाला, अक्षरांच्या कडा हे सगळं त्या थरात असतं, खालच्या धातूत नाही. आम्लाने थर विरघळला की उरतो तो खड्डे पडलेला लालसर तुकडा. तो पुन्हा कधी वाचता येत नाही.

माती काढायची असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत घाला. गाडीच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर पेट्रोल पंपावर किंवा बॅटरीच्या दुकानात मिळतं, ते चालतं. फक्त बाटली नीट वाचून घ्या, शेजारी बॅटरीचं ॲसिडही ठेवलेलं असतं. पाणी चार-सहा दिवसांनी बदला. मधूनमधून मऊ टूथब्रशने हलकेच पुसा, अडलेला कण दात कोरायच्या लाकडी काडीने उचला. आठवडे लागतात, कधी महिने. ऑलिव्ह तेलात भिजवायचा सल्लाही वारंवार मिळतो. तेलातलं आम्ल सावकाश का होईना थरावर परिणाम करतं, म्हणून मी पाण्यावरच थांबायला सांगेन. हिरवा थर गुळगुळीत आणि घट्ट असेल, अक्षरं दिसत असतील, तर पाण्याचीही गरज नाही.

एक रोग मात्र लगेच ओळखता आला पाहिजे. जागोजागी फिकट हिरवी, पावडरीसारखी बुरशी दिसते, काडीने खरवडली तर भुकटी होऊन पडते आणि काही दिवसांत परत उगवते. याला ब्राँझ डिसीज म्हणतात. धातूत अडकलेली क्लोराइडं आणि हवेतला ओलावा यांच्या रासायनिक क्रियेने नाणं आतून खाल्लं जातं. मुंबई-कोकणातल्या आणि गोव्यातल्या पावसाळ्यात तर याला आयतंच वातावरण मिळतं. असं नाणं बाकीच्यांपासून वेगळं काढा, सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डबीत ठेवा आणि मौल्यवान असेल तर धातूच्या वस्तूंचं जतन करणाऱ्या जाणकाराला दाखवा. उलट गडद हिरवा, कडक, चकाकणारा थर म्हणजे निरोगी नाणं. त्याला घाबरून काही करू नका.

पहिली पायरी: मागची बाजू

चेहरा नसलेली बाजू समोर घ्या. अक्षरं तूर्त विसरा, फक्त चित्र बघा. चौथ्या शतकात एकच चित्र साम्राज्यभरच्या टांकसाळी एकाच वेळी पाडायच्या आणि काही वर्षांनी सगळ्या मिळून पुढच्या चित्राकडे वळायच्या. त्यामुळे चित्र कळलं की काळ हाती येतो. नेहमी भेटणारी चित्रं पुढे काळाच्या क्रमाने देतो आहे.

छावणीचं दार: विटांचे आडवे थर, वर दोन बुरूज, मध्ये तारा. भोवती प्रोविदेन्तिए असा शब्द. हे साधारण ३२४ ते ३३०. कॉन्स्टंटाइन तेव्हा एकटा सम्राट होता आणि त्याची मुलं युवराज. याच सुमारास त्याची आई हेलेना आणि बायको फाउस्टा यांचीही नाणी निघाली.

दोन सैनिक, मध्ये निशाण: नवख्याच्या हाती सगळ्यात आधी येण्याची शक्यता असलेलं हेच. दोन सैनिक भाले-ढाली घेऊन समोरासमोर उभे, भोवती ग्लोरिया एक्झर्किटुस, म्हणजे सैन्याचा गौरव. इथे मोजायची ती निशाणं. मध्ये दोन निशाणं असतील तर नाणं ३३० ते ३३५ च्या आसपासचं, एकच असेल तर ३३५ ते ३४१ च्या आसपासचं. नाण्यासाठी वापरायचा धातू कमी केला, नाणं लहान झालं आणि दोन निशाणांना जागा पुरेना. सगळ्या टांकसाळींनी हा बदल एकाच दिवशी केला नाही, म्हणून सीमेवरच्या वर्षांबद्दल थोडी ढील ठेवा. झिजलेल्या नाण्यावर एक निशाण मोजताना दोन वाटतं असंही होतं. वरच्या टोकाकडे बघा, तिथे निशाणाचे चौकोनी तुकडे जास्त काळ टिकतात.

लांडगी आणि जुळी मुलं: मादी लांडगा, तिला लुचणारे रोम्युलस आणि रेमस, वर दोन तारे. पुढच्या बाजूला शिरस्त्राण घातलेला, डावीकडे बघणारा चेहरा आणि उर्ब्स रोमा ही अक्षरं. याचाच जोडीदार म्हणजे शिरस्त्राण घातलेला, खांद्यावर राजदंड घेतलेला चेहरा आणि मागे नौकेच्या नाळेवर पाय ठेवून उभी पंखवाली विजयदेवी. त्यावर कॉन्स्टंटिनोपोलिस लिहिलेलं असतं. ११ मे ३३० रोजी कॉन्स्टंटिनोपल (आजचं इस्तंबूल) या नव्या राजधानीचं उद्घाटन झालं, तेव्हापासूनची ही जोडी. यांवर राजाचं नाव मुळात नाहीच, चेहरे दोन शहरांचे आहेत. हे ठाऊक नसलेला माणूस यादीत राजा शोधत बसतो. मला विचाराल तर संग्रहाची सुरुवात या दोन नाण्यांनी करावी. ओळखायला सोपी, अमाप पाडलेली आणि जुनी राजधानी आणि नवी राजधानी एकाच खिशात वागवणारा तो काळ त्यांत थेट दिसतो.

चार घोड्यांचा रथ: ३३७ मध्ये कॉन्स्टंटाइन वारल्यावर त्याच्या मुलांनी काढलेलं छोटं नाणं. पुढे पदर घेतल्यासारखं झाकलेलं डोकं, मागे रथातून वर जाणारा सम्राट आणि त्याला घ्यायला आकाशातून पुढे आलेला हात. मृत्यूपूर्वी बाप्तिस्मा घेतलेला हा सम्राट, पण जुन्या रोमन रिवाजाप्रमाणे नाण्यावर त्याला दिवंगत देवाची पदवी दिली आहे आणि तो हात मात्र ख्रिस्ती देवाचा मानला जातो. १५-१६ मिलिमीटरच्या तुकड्यात दोन धर्मांचं असं एकत्र येणं दुसरीकडे क्वचितच बघायला मिळतं. याचा पुरता नमुना मिळाला तर सोडू नका.

दोन विजयदेवी समोरासमोर, हातात पुष्पचक्रं: ३४७-३४८.

घोडेस्वाराला भोसकणारा सैनिक: ३४८ मध्ये नाण्यांची नवी रचना आली आणि फेल टेम्प रेपरात्सिओ, म्हणजे सुखाचे दिवस परत आले, हे शब्द घेऊन अनेक चित्रं आली. जहाजावर उभा सम्राट, खडकावर किंवा गोलावर बसलेला फिनिक्स पक्षी, झोपडीतून मुलासारख्या छोट्या माणसाला ओढून नेणारा सैनिक. पण पुढच्या दहा वर्षांत या सगळ्यांना मागे टाकून उरलं ते एकच: घोडा कोसळलेला, त्यावरचा परका स्वार एक हात वर करून वळलेला, डावीकडून सैनिक त्याच्यात भाला खुपसतो आहे. हे चित्र सुरुवातीला वीस मिलिमीटरहून मोठ्या नाण्यावर येतं आणि ३५० च्या दशकाच्या उत्तरार्धात सोळा-सतरावर उतरतं. याच्या खाजगी नकलाही भरपूर झाल्या. चित्र लहान मुलाने काढल्यासारखं वेडंवाकडं आणि अक्षरं अर्थहीन असली तर ती त्याच काळातली नक्कल समजा. तीसुद्धा जपून ठेवण्यासारखी असते.

हात धरून नाही, केस धरून कैद्याला फरफटत नेणारा सम्राट आणि डावीकडे चालत जाणारी, हातात चक्र आणि ताडाची फांदी घेतलेली विजयदेवी: ही दोन चित्रं मिळून ३६४ ते ३७८ चा, म्हणजे व्हॅलेंटिनियन, व्हॅलेन्स आणि ग्रेशियन या सम्राटांचा काळ जवळजवळ व्यापतात.

कैद्याला ओढणारी विजयदेवी: वरच्या सम्राटाशी गल्लत होते. पंख दिसतात का ते बघा. पंख असतील, नाणं तेरा मिलिमीटरच्या आसपासचं असेल आणि डावीकडे ख्रिस्ताच्या नावाची ग्रीक अक्षरं एकमेकांवर घातलेली खूण असेल तर ते ३८८ नंतरचं, सम्राट थिओडोसियस आणि त्याची मुलं आर्केडियस, होनोरियस यांच्या काळातलं.

फक्त चक्र आणि आत अक्षरं: व्ही ओ टी, खाली रोमन आकडा. राजाने इतक्या वर्षांच्या राज्यासाठी नवस फेडला किंवा बोलला, अशी ही नोंद. असं नाणं शतकभर अधूनमधून येतं, म्हणून इथे एकट्या चित्रावर थांबता येत नाही. आकडा, आकार आणि नाव तिन्ही लागतात.

पाचव्या शतकात नाणी दहा मिलिमीटरवर, एक ग्रॅमच्याही खाली येतात. ४९८ मध्ये सम्राट अनास्टासियसने चाळीस न्यूमसचं (न्यूमस म्हणजे हेच छोटं नाणं) मोठं नाणं आणलं, तिथे हा छोट्या नाण्यांचा काळ संपल्यात जमा होतो. दहा मिलिमीटरच्या नाण्यांच्या नादी सुरुवातीला लागू नका, डोळे आणि धीर दोन्ही जातात.

दुसरी पायरी: माप आणि वजन

या नाण्यांची त्या काळची नावं नक्की कोणती होती यावर एकमत नाही, म्हणून संग्राहक मापानेच बोलतात. २५ मिलिमीटरपेक्षा मोठं ते एई १ (एई ही कांस्य नाण्याची खूण), २१ ते २५ ते एई २, १७ ते २१ ते एई ३ आणि १७ पेक्षा लहान ते एई ४. विक्रेत्याच्या चिठ्ठीवर हेच दिसेल.

मापाचा उपयोग चित्राने सांगितलेला काळ पडताळायला होतो. सम्राट डायोक्लेशियनने २९४ च्या सुमारास आणलेलं मूळ नाणं दहा ग्रॅमच्या आसपास होतं. पुढच्या चाळीस वर्षांत ते उतरत गेलं. दोन निशाणांचं नाणं सतरा-अठरा मिलिमीटर आणि सव्वादोन-अडीच ग्रॅमच्या आसपास भरतं, एका निशाणाचं पंधरा-सोळा मिलिमीटर आणि दीड ग्रॅमच्या आसपास. तुमच्या नाण्यावर दोन निशाणं दिसतायत पण वजन सव्वा ग्रॅम आहे, तर एकदा परत मोजा. किंवा ते नकली आहे, त्या काळातलं किंवा आताचं. ही नाणी हाताने पाडलेली असल्याने चार-दोन दशांश इकडेतिकडे व्हायचेच, त्याने बिचकू नका.

तिसरी पायरी: टांकसाळीची खूण

चित्राच्या पायाशी एक आडवी रेघ असते. तिच्या खालची दोन ते सहा अक्षरं म्हणजे शहराचं नाव आणि टांकसाळीतल्या कारखान्याचा क्रमांक. नवखे ही जागा सोडून देतात, आणि नाण्याचा गाव तर तिथेच लिहिलेला असतो.

टी आर म्हणजे ट्रियर (आजचं जर्मनी). एल जी किंवा एल यू जी म्हणजे लियाँ. ए क्यू म्हणजे उत्तर इटलीतलं अक्विलेया. नुसता आर म्हणजे रोम. एस आय एस म्हणजे सिस्किया, क्रोएशियातलं आजचं सिसाक. एस एम टी एस म्हणजे थेसालोनिकी. पुढची चार आजच्या तुर्कस्तानातली: एस एम एच हेराक्लिया, एस एम एन निकोमिडिया, एस एम के सिझिकस, एस एम ए एन अँटिओक. एस एम ए एल म्हणजे इजिप्तचं अलेक्झांड्रिया. एल ओ एन म्हणजे लंडन, पण ही टांकसाळ ३२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे दोन सैनिकांच्या नाण्यावर लंडन वाचलं तर वाचण्यात चूक आहे. सुरुवातीचं एस एम हे पवित्र टांकसाळ अशा अर्थाचं, शहराशी त्याचा संबंध नाही. यू या अक्षराच्या जागी सगळीकडे व्ही कोरतात, हेही डोळ्याला सवयीचं करून घ्या.

कारखान्याचा क्रमांक पश्चिमेकडे बहुधा लॅटिन अक्षराने (पी पहिला, एस दुसरा, टी तिसरा, क्यू चौथा) आणि पूर्वेकडे ग्रीक अक्षराने (अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा) देतात. सिस्किया भौगोलिकदृष्ट्या मधली, तिथे ग्रीक अक्षर शहराच्या नावाआधी येतं.

आता एक सापळा, यात जाणतेही अडकतात. सी ओ एन एस ही अक्षरं दिसली की मन कॉन्स्टंटिनोपलकडे धावतं. पण दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल शहराचं नाव ३२८ च्या सुमारास बदलून कॉन्स्टंटिना केलं होतं आणि तिथली नाणीही सी ओ एन एस टी अशी खूण घेऊन येतात. सोडवण सोपी आहे. सुरुवातीला पी किंवा एस हे लॅटिन अक्षर आणि शेवटी टी असेल तर आर्ल. सी ओ एन एस नंतर थेट ग्रीक अक्षर असेल तर कॉन्स्टंटिनोपल. झिजलेल्या नाण्यावर सी च्या डावीकडची जागा भिंगाखाली आधी तपासा. दुसरी गल्लत एच आणि एन ची: मधली रेघ आडवी की तिरकी एवढाच फरक असतो आणि झीज नेमकी तिथेच होते. कळलं नाही तर दोन्ही लिहून ठेवा.

चौथी पायरी: नाव आणि डोकं

आता नाणं पालटा. कॉन्स्टंटाइन, त्याचा त्याच नावाचा मुलगा, कॉन्स्टॅन्टियस आणि कॉन्स्टन्स या बापलेकांची नावं एकाच तोंडावळ्याची आहेत. सुरुवातीची सात-आठ अक्षरं सगळ्यांची सारखी. म्हणून नावाची सुरुवात सोडा आणि शेवट वाचा. चेहरा बहुधा उजवीकडे बघतो, अक्षरं डाव्या खांद्यापासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे वर जाऊन उजवीकडे उतरतात, तेव्हा शेवट उजव्या बाजूला खाली सापडेल.

शेवटी एन ओ बी सी असेल तर तो युवराज, म्हणजे सीझर. ए व्ही जी असेल तर सम्राट, म्हणजे ऑगस्टस. कॉन्स्टंटाइनची मुलं ९ सप्टेंबर ३३७ रोजी सम्राट झाली, तेव्हा त्यांच्या नावापुढे एन ओ बी सी म्हणजे नाणं त्याआधीचं. एम ए एक्स ए व्ही जी असेल तर बहुतेक वेळा बाप. डोक्यावर काय आहे तेही बघा: मोत्यांचा किंवा फुलांचा पट्टा हा या काळात सम्राटाचा, पानांची माळ युवराजाची. ३५० च्या दशकात गॅलस आणि ज्युलियन युवराज असताना उघड्या डोक्याने दिसतात, आणि त्यामुळे लगेच वेगळे काढता येतात.

एक नमुना धरून चालू. नाणं १७.५ मिलिमीटर, २.३ ग्रॅम. मागे दोन सैनिक, मध्ये दोन निशाणं. खाली एस एम, मग झीज, मग एस सारखं काहीतरी आणि त्रिकोण. पुढे पानांची माळ घातलेलं तरुण डोकं. डावीकडची अक्षरं पूर्ण गेलेली, उजवीकडे टी, आय, व्ही, एस, मग एन ओ बी सी.

चित्र आणि वजन जुळतात: ३३० ते ३३५. एस एम ने सुरू होऊन कारखान्याच्या अक्षराआधी एस येणारी खूण वरच्या यादीत एकच, थेसालोनिकी. त्रिकोण हा ग्रीक डेल्टा, म्हणजे चौथा कारखाना. नाव एन ओ बी सी ने संपतं आणि डोक्यावर माळ, म्हणजे युवराज. आता व्ही एस च्या आधी काय आहे? कॉन्स्टंटिनुस असतं तर आय आणि व्ही यांच्या मध्ये एन असता. इथे आय ला लागून थेट व्ही आहे. म्हणजे हा कॉन्स्टॅन्टियस, पुढे दुसरा कॉन्स्टॅन्टियस म्हणून ३६१ पर्यंत राज्य करणारा. नावाचा अर्धा भाग गायब असूनही एका एन च्या नसण्याने माणूस ठरला. नावापासून सुरुवात केली असती तर तीन भावांत घोटाळत बसलो असतो.

खरं की खोटं

स्वस्त असल्यामुळे या नाण्यांची बनावट सोन्या-चांदीएवढी होत नाही, पण पर्यटकांना विकायला ओतीव नकला करतात. खरं नाणं दोन ठशांच्या मध्ये घणाने पाडलेलं असतं. ओतलेल्या नाण्याच्या कडेला भोवती बारीक जोडरेघ दिसते किंवा ती घासून काढल्याच्या खुणा दिसतात. पृष्ठभागावर बुडबुड्यांची बारीक छिद्रं असतात, अक्षरं साबणाच्या वडीवर उमटल्यासारखी बोथट लागतात. एकाच विक्रेत्याकडे दोन नाणी असतील आणि चित्राबरोबरच कडेची चीर, आकारातला पोचा, झिजेची जागा सगळं हुबेहूब सारखं असेल, तर दोन्ही एकाच साच्यातली. एकाच ठशातून पाडलेल्या खऱ्या नाण्यांचं चित्र सारखं असतं, चकती प्रत्येकाची वेगळी.

वाळूच्या रंगाचा एकसारखा थर आणि त्यातून उठून दिसणारं काळं चित्र असं नाणं देखणं दिसतं. हा थर बऱ्याचदा वरून चोपडलेला असतो. ॲसिटोनमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने एका कोपऱ्यावर पुसलं की रंग उतरतो. विकत घेण्याआधी ही चाचणी करू देता का, असं विचारायला संकोच करू नका.

पाचवी पायरी: पडताळणी आणि चिठ्ठी

अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीचा ओक्रे हा ऑनलाइन संग्रह फुकट आहे. त्यात टांकसाळ, सम्राट आणि अक्षरांचे तुकडे टाकून शोधता येतं आणि फोटोही बघता येतात. तिथले क्रमांक आरआयसी या प्रमाण सूचीचे असतात. तिचा सातवा खंड ३१३ ते ३३७, आठवा ३३७ ते ३६४ आणि नववा ३६४ ते ३९५ या वर्षांचा. सातव्या-आठव्या खंडांत प्रत्येक शहराचे क्रमांक नव्याने एकपासून सुरू होतात. त्यामुळे नुसता खंड आणि क्रमांक लिहिला तर काहीच कळत नाही, मध्ये शहराचं नाव हवंच.

नाणं पीव्हीसीच्या मऊ, वास येणाऱ्या पाकिटात ठेवू नका, त्यातून निघणारी रसायनं हिरवा चिकट थर आणतात. मायलरचं कडक पाकीट किंवा आम्लमुक्त कागदाचं पाकीट घ्या. बरोबर चिठ्ठी ठेवा: सम्राट, मागचं चित्र, टांकसाळ आणि कारखाना, काळ, माप, वजन, सूचीतला क्रमांक, कुणाकडून कधी आणि कितीला घेतलं, आणि आधीच्या मालकाची जुनी चिठ्ठी असेल तर तीही जशीच्या तशी. न वाचता आलेल्या अक्षरांच्या जागी टिंबं द्या, अंदाजाने अक्षरं भरू नका. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा. पुढे कधी तिरक्या उजेडात एखादं अक्षर सापडलं की टांकसाळ किंवा वर्ष बदलावं लागतं.